वक्र घन मॉडेल आतून पोकळ कसे करावे : तंबोऱ्याच्या भोपळ्याचे उदाहरण

कॅडमध्ये चौकोनी डबी पोकळ करणे पहिल्याच दिवशी जमते. वरचा पृष्ठभाग निवडायचा, शेलची, म्हणजे ठरावीक जाडीची भिंत ठेवून आतून पोकळ करण्याची, आज्ञा द्यायची, जाडी लिहायची, की काम झाले. हीच आज्ञा एखाद्या गोलसर, मान निमुळती असलेल्या, काठाला गोलाई दिलेल्या वस्तूवर चालवली की सॉफ्टवेअर लाल अक्षरांत नकार देते किंवा त्याहून वाईट म्हणजे नकार न देता आतून चुरगळलेला आकार तयार करते. सांगली, मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींतील पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या कारखान्यांत, तसेच आयटीआय आणि पदविका अभ्यासक्रमांत थ्रीडी प्रिंटिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. वक्र वस्तूची पोकळी हा शेवटी करायचा सोपस्कार नसून तिचा विचार पहिल्या रेषेपासून करावा लागतो, आणि तसा केला तर बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत.

उदाहरणासाठी मी मिरजेचा तंबोरा निवडला आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्यामुळे दुकानात, शाळेत किंवा प्रदर्शनात ठेवण्याजोगी या वाद्याची छोटी प्रतिकृती करून पाहावी, असे या भागातील कोणाही शिकाऊ डिझायनरला वाटणे साहजिक आहे. शिवाय तंबोऱ्याचा भोपळा मुळातच पोकळ असतो, त्याची भिंत वक्र असते आणि पुढून कापलेल्या सपाट बाजूवर लाकडी तबली बसवलेली असते. आपल्याला शिकायचे आहे ते सगळे या एका वस्तूत सापडते.

पोकळ करण्याची गरज आहे का?

हा प्रश्न नवखे लोक सहसा विचारत नाहीत, म्हणून तो आधी घेतो. आपल्या भोपळ्याचा व्यास ९० मिमी धरू. हा गोल पूर्ण भरीव असेल तर त्याचे घनफळ सुमारे ३८२ घन सेंमी होते. भिंत २.४ मिमी ठेवून आतून पोकळ केला तर उरतात सुमारे ५८ घन सेंमी. पीएलए या छपाईच्या प्लास्टिकची घनता साधारण १.२४ ग्रॅम प्रति घन सेंमी धरली तर हा फरक ४७३ ग्रॅम आणि ७२ ग्रॅम असा दिसतो.

मात्र प्लास्टिकची तार वितळवून थर रचणाऱ्या एफडीएम प्रिंटरवर भरीव मॉडेल कोणी भरीव छापत नाही. १.२ मिमी भिंत आणि आत १५ टक्के इन्फिल, म्हणजे जाळीसारखा विरळ भराव, ठेवला तर त्याच गोलाला सुमारे १०२ ग्रॅम पीएलए लागते. म्हणजे या यंत्रावर कॅडमध्ये पोकळी कोरून वाचतात ते सुमारे ३० ग्रॅम. आतला भाग दिसणार नसेल, आत काही बसवायचे नसेल आणि वजनाला महत्त्व नसेल, तर मॉडेल भरीवच ठेवावे आणि काम स्लायसरवर, म्हणजे मॉडेलचे छपाईसाठी थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पोकळी तेव्हा करावी, जेव्हा ती वस्तूचाच भाग असते : दिव्याचा घुमट, पंपाच्या आवरणाची प्रतिकृती, पाण्याचे भांडे किंवा तबली काढल्यावर आत डोकावता यावे असा हा भोपळा.

टाकीतील द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करणाऱ्या रेझिन प्रिंटरचा हिशेब मात्र निराळा आहे. त्यात इन्फिल आपोआप मिळत नाही, त्यामुळे भरीव गोलाला खरोखरच ३८२ मिली रेझिन लागते. शिवाय प्रत्येक थर मोठ्या क्षेत्रफळाचा असल्याने टाकीच्या तळाच्या पारदर्शक फिल्मपासून तो सुटताना मॉडेलवर मोठा ताण येतो. तेथे मूठभर आकारापेक्षा मोठी वस्तू पोकळ करणे जवळजवळ अनिवार्य आहे.

जाडी ठरवणे

जाडी मनाला येईल ती लिहू नये. ०.४ मिमीच्या नॉझलने साधारण ०.४ मिमी रुंदीची रेघ पडते, म्हणून उभ्या भिंतीची जाडी त्या रुंदीच्या पटीत असावी. गोल वस्तूत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. माथ्याकडे जाताना भिंत हळूहळू आडवी होते आणि तेथे तिची जाडी रेघांनी नव्हे, तर थरांनी भरली जाते. थराची उंची ०.२ मिमी असेल तर २.४ मिमी जाडीत उभ्या भागात सहा रेघा आणि आडव्या माथ्यावर बारा थर बरोबर बसतात. म्हणून मी येथे २.४ मिमी घेतले आहे. रेझिनसाठी एवढ्या आकाराला २ ते २.५ मिमी जाडी पुरते.

जाडीचा आकृतीशी असलेला संबंध याहून महत्त्वाचा आहे. बाहेरील पृष्ठभाग आत सरकवताना बहिर्वक्र भागाची त्रिज्या जाडीइतकी कमी होते आणि अंतर्वक्र भागाची त्रिज्या तितकीच वाढते. ४५ मिमी त्रिज्येचे पोट आतून ४२.६ मिमी होईल; त्यात काही अडचण नाही. पण एखाद्या कडेला १.५ मिमी त्रिज्येची गोलाई दिली असेल, तर २.४ मिमी आत गेल्यावर तिची त्रिज्या शून्याखाली जाते, पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो आणि शेल कोसळते. म्हणून मॉडेलवरील सर्वांत लहान बहिर्वक्र त्रिज्या जाडीपेक्षा मोठी असली पाहिजे. दुसरी अट अशी, की वस्तूचा सर्वांत अरुंद भाग जाडीच्या दुपटीपेक्षा पुरेसा रुंद हवा. तंबोऱ्याची खुंटी प्रतिकृतीत ४ मिमी व्यासाची असेल, तर तिच्यात २.४ मिमीच्या दोन भिंती मावणारच नाहीत. असे भाग वेगळे घन म्हणून ठेवावेत, भरीव राहू द्यावेत आणि पोकळ करायच्या घनाला आधी जोडूच नयेत.

रेखाटन : कंसांनी काढावे

पुढील कृती फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरच्या पार्ट डिझाइन विभागात करता येते. फ्यूजन, सॉलिडवर्क्स किंवा ऑनशेप वापरणाऱ्यांना आज्ञांची नावे थोडी वेगळी दिसतील. भूमिती मात्र तीच राहते.

उभ्या अक्षाच्या एका बाजूला भोपळ्याची अर्धी बाह्यरेषा काढायची आहे. येथे मुक्तहस्त वक्र, म्हणजे स्प्लाइन, वापरण्याचा मोह होतो, कारण तिने आकार पटकन जुळतो. तो मोह टाळावा. वर्तुळाच्या कंसापासून समान अंतरावर काढलेली रेषा पुन्हा कंसच असते. स्प्लाइनपासून समान अंतरावरची रेषा मात्र सॉफ्टवेअरला अंदाजाने बसवावी लागते, आणि पुढच्या अनेक बिघाडांचे मूळ त्या अंदाजात असते.

पोटासाठी ४५ मिमी त्रिज्येचा कंस घ्यावा आणि त्याचे केंद्र अक्षावरच ठेवावे. केंद्र अक्षावर असल्यामुळे तळाशी रेषा अक्षाला काटकोनात मिळते. तसे झाले नाही तर फिरवल्यावर तळाला शंकूसारखे टोक येते आणि त्या टोकाशी शेल हमखास अडते. गळ्यासाठी ४० मिमी त्रिज्येचा, बाहेर केंद्र असलेला कंस घ्यावा. त्याचे केंद्र अक्षापासून ५१ मिमी दूर आणि पोटाच्या केंद्रापासून ६८ मिमी वर ठेवावे. दोन केंद्रांतील अंतर बरोबर ८५ मिमी येते, म्हणजे ४५ आणि ४० यांची बेरीज. म्हणून हे दोन कंस एकमेकांना कोठेही कोपरा न पडता स्पर्श करतात. त्यांचा स्पर्शबिंदू अक्षापासून २७ मिमी दूर आणि पोटाच्या केंद्रापासून ३६ मिमी वर पडतो. गळा सर्वांत अरुंद होतो तेथे त्याची त्रिज्या ११ मिमी भरते.

आता त्याच रेखाटनात आतली रेषा काढावी. केंद्रे तीच ठेवून पोटाची त्रिज्या ४२.६ आणि गळ्याच्या कंसाची त्रिज्या ४२.४ मिमी करावी. या दोहोंची बेरीज पुन्हा ८५ येते, त्यामुळे आतले कंसही आपोआप स्पर्शरेषेत राहतात आणि गळ्याची आतली त्रिज्या ८.६ मिमी होते. या एका बेरजेकडे नवख्यांनी नीट लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. समान जाडीची वक्र भिंत हे सॉफ्टवेअरचे गुपित नाही. एक त्रिज्या जितकी घटते तितकीच शेजारची वाढते, एवढाच तिचा आधार आहे.

दोन्ही रेषा गळ्याच्या वरच्या टोकाशी एका आडव्या रेषेने आणि तळाशी अक्षावरील २.४ मिमीच्या तुकड्याने जोडाव्यात, म्हणजे रेखाटन बंद होईल. ते अक्षाभोवती ३६० अंश फिरवले की पोकळ भोपळा तयार होतो. शेलची आज्ञा द्यावीच लागत नाही. अक्षाभोवती फिरवून बनणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी, मग तो तांब्या असो, घंटा असो वा कळस, मी हीच पद्धत सुचवीन.

यानंतर अक्षाला समांतर आणि त्याच्या २० मिमी पुढे असलेल्या प्रतलाने पुढचा भाग कापून टाकावा. तबलीसाठी सपाट काठ मिळतो. भिंत येथे तिरपी कापली जात असल्याने काठाची रुंदी पोटाजवळ सुमारे २.७ मिमी आणि गळ्याकडील टोकाशी साडेतीन मिमीहून थोडी जास्त भरते. हे दिसल्यावर जाडी बिघडली असे समजू नये. तिरप्या छेदात असेच दिसते आणि डिंक लावायला ती जास्तीची रुंदी उपयोगी पडते.

फिरवून न बनणारे आकार

सगळ्या वस्तू अक्षाभोवती सममित नसतात. अनेक छेदांतून ताणून बनवलेला, एका बाजूला झुकलेला किंवा वाटेने नेलेला आकार असेल तर शेल वापरावीच लागते. फ्रीकॅडमध्ये तिचे नाव थिकनेस असे आहे. जो पृष्ठभाग उघडा ठेवायचा तो निवडावा, जाडी लिहावी आणि जाडी आतल्या बाजूला घेण्याचा पर्याय चालू करावा. तो विसरला तर वस्तू बाहेरून फुगते आणि तिची मापे चुकतात. वस्तू सर्व बाजूंनी बंद असेल तर पार्ट विभागातील थ्रीडी ऑफसेटने ऋण अंतर देऊन आतला घन वेगळा तयार करावा आणि मूळ घनातून तो वजा करावा. ओतकामातील मंडळींना ही रीत ओळखीची वाटेल, कारण साच्यात कोअर बसवून पोकळी मिळवतात तेच काम येथे वजाबाकीने होते.

मॉडेलची नक्कल करून ती थोडी लहान करायची आणि मूळ आकारातून वजा करायची, असा एक सोपा वाटणारा उपाय अनेक जण सांगतात. तो चेंडूसारख्या गोलाला चालतो, इतरांना नाही. २०० मिमी लांब आणि ८० मिमी जाड अशा अंडाकृती वस्तूची नक्कल ९५ टक्के केली, तर टोकांशी भिंत ५ मिमी आणि मध्यावर फक्त २ मिमी उरते. वाकडा गळा असेल तर आतली नक्कल भिंतीतून बाहेरही येऊ शकते.

शेल अडली तर जाडी बदलत राहून नशीब आजमावण्यापेक्षा तिच्याकडूनच दोष शोधून घ्यावा. प्रथम ०.५ मिमी जाडी देऊन पाहावी. ती चालली तर थोडी थोडी वाढवत जावे. समजा १.४ मिमीला शेल होते आणि १.६ मिमीला कोसळते. याचा अर्थ बहुधा मॉडेलवर कोठेतरी सुमारे १.५ मिमी त्रिज्येची बहिर्वक्र गोलाई आहे. ती शोधून आज्ञांच्या यादीत शेलच्या खाली न्यावी. आधी पोकळी आणि नंतर लहान गोलाई, नक्षी व अक्षरे, हा क्रम वक्र मॉडेलमध्ये कधीही मोडू नये. गळ्यावरील कोरीव पानेही पोकळी झाल्यावरच उठवावीत. तबलीच्या काठाला १ मिमीची गोलाई द्यायची असेल तर तीही आता द्यावी, २.७ मिमी रुंद काठावर ती आरामात बसते.

०.५ मिमी जाडीही चालत नसेल तर दोष बहुधा त्रिज्येत नसून पृष्ठभागांच्या जोडणीत असतो. छेदांतून ताणलेल्या आकारात दोन पृष्ठभागांच्या मध्ये केसासारखी अरुंद पट्टी राहिलेली असते किंवा जोडावर स्पर्शरेषा जुळलेली नसते. चेक जॉमेट्री या आज्ञेने घन तपासावा, छेदांची संख्या कमी करून आकार पुन्हा ताणावा आणि प्रत्येक छेदात बिंदूंची संख्या सारखी ठेवावी. सहा छेदांऐवजी तीन नीट निवडलेले छेद बहुधा अधिक स्वच्छ पृष्ठभाग देतात.

स्कॅन केलेली गणेशमूर्ती किंवा डिजिटल शिल्प त्रिकोणांच्या जाळीचे असते. त्याला कॅडची शेल लावू नये. तेथे मेशमिक्सरची पोकळ करण्याची आज्ञा वापरावी, किंवा रेझिनचे काम असेल तर प्रूसास्लायसरमधील पोकळीचे साधन. ही साधने प्रत्येक बिंदूचे पृष्ठभागापासूनचे अंतर मोजून आतली भिंत काढतात, त्यामुळे मूर्तीच्या बोटांसारखे बारीक भाग आपोआप भरीव राहतात. ब्लेंडरमधील सॉलिडिफाय मात्र तीव्र वळणांवर स्वतःलाच छेदणारी भिंत तयार करते.

छिद्रे आणि ठेवण

रेझिनच्या बंद पोकळीत न घट्टलेले रेझिन अडकते, आतून भिंतीवर दाब आणते आणि काही काळाने मॉडेल तडकते. म्हणून निदान दोन छिद्रे, प्रत्येकी ३ ते ४ मिमी व्यासाची, एकमेकांपासून दूर ठेवावीत : एकातून द्रव बाहेर येईल आणि दुसऱ्यातून हवा आत जाईल. आपल्या भोपळ्याला तबलीची बाजू आणि गळा अशा दोन वाटा आहेतच. तरीही तबलीची उघडी बाजू टाकीकडे तोंड करून ठेवल्यास प्रत्येक थरागणिक आत निर्वात पोकळी निर्माण होऊन तळाची फिल्म ओढली जाते. त्यासाठी मॉडेल तिरके ठेवावे आणि गळ्याचे तोंड प्लॅटफॉर्मच्या बाजूला, पण त्याला न टेकता, मोकळे राहील असे पाहावे. धुताना पोकळीच्या आतही अल्कोहोल फिरवावे आणि आतला भाग पूर्ण सुकल्यावरच अतिनील प्रकाशात ठेवावे.

एफडीएमवर भोपळा तबलीची सपाट बाजू बेडवर टेकवून छापावा, म्हणजे बेडपासून अधांतरी राहणारी गळ्याची खालची बाजू सोडली तर सपोर्टच्या, म्हणजे छपाईपुरत्या तात्पुरत्या आधाराच्या, खुणा आत राहतात आणि बाहेरचा पृष्ठभाग स्वच्छ मिळतो. सुरुवातीला पोटाची भिंत उभ्या रेषेपासून सुमारे २६ अंशांनी बाहेर झुकते, त्याला सपोर्ट लागत नाही. आतली बाजू बेडपासून साधारण ५० मिमी उंचीवर ४५ अंशांपेक्षा अधिक आडवी होऊ लागते. तेथून माथ्यापर्यंतच्या सुमारे साडेबारा मिमी भागाला आतून सपोर्ट द्यावा. खालची बाजू उघडी असल्याने तो नंतर काढता येतो. पूर्ण बंद पोकळीत हा सपोर्ट कायमचा आत अडकतो. म्हणून अशा वस्तू दोन भागांत कापून छापाव्यात किंवा आतले छत गोल न ठेवता ४५ अंशांच्या उताराने टोकदार करावे. बाहेरचा आकार त्यामुळे बदलत नाही आणि छताशी भिंत थोडी जाड होते, एवढेच.

सांगलीच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली प्रिंटरची तार ओलावा ओढून घेते आणि त्याचा परिणाम जाड वस्तूपेक्षा पातळ भिंतीवर आधी दिसतो. रेघांत खळगे पडतात. पोकळ वस्तू छापण्यापूर्वी तार वाळवून घ्यावी. पीएलए सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, म्हणून पातळ भिंतीची प्रतिकृती एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नये.

तपासणी

क्लिपिंग प्लेन, म्हणजे पडद्यावर छेद दाखवणारे प्रतल, लावून मॉडेल मधोमध कापलेले पाहावे आणि भिंत तळाशी, पोटाशी, स्पर्शबिंदूजवळ आणि गळ्याशी पृष्ठभागाला काटकोनात मोजावी. आकड्यांनीही एक चटकन पडताळा घेता येतो : बाहेरील पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले जाडी हे भिंतीच्या घनफळाच्या जवळपास यायला हवे. ९० मिमीच्या गोलाचे क्षेत्रफळ सुमारे २५४ चौरस सेंमी असते, त्याला ०.२४ सेंमीने गुणल्यास ६१ घन सेंमी येतात आणि प्रत्यक्ष घनफळ ५८ असते. सॉफ्टवेअर याऐवजी ३०० दाखवत असेल तर पोकळी झालेलीच नाही.

स्लायसरला देण्याची एसटीएल फाइल करताना वक्र पृष्ठभागाचे सपाट त्रिकोण होतात. अनुमत विचलन ०.१ मिमी ठेवले तर ४५ मिमी त्रिज्येवर त्रिकोणाची बाजू सुमारे ६ मिमी लांब होऊ शकते आणि भोपळ्यावर पैलू उघड दिसतात. ते ०.०२ मिमी केले की बाजू २.७ मिमीच्या आसपास येते. शेवटी स्लायसरमध्ये थर एकेक करून पाहावेत. भिंतीत कोठे फट दिसली, विशेषतः माथ्याजवळ, तर भिंतीच्या रेघांची संख्या वाढवावी.

तबली वेगळी छापावी. तिच्या मागच्या बाजूला आतल्या काठात बसणारी २ मिमी उंचीची कड काढावी आणि ती आतल्या रेषेपासून सर्व बाजूंनी ०.२ मिमी आत ठेवावी. प्रत्येक प्रिंटर थोडे वेगळे माप देतो, म्हणून संपूर्ण भोपळा छापण्याआधी काठाचा ५ मिमी उंचीचा कापलेला तुकडा आणि तबली एवढेच छापून जोड बसतो का ते पाहावे. घट्ट वाटल्यास मोकळीक ०.३ मिमी करावी आणि मगच पूर्ण मॉडेल यंत्रावर चढवावे.